बीटलचा हीटर गार वारा का फेकतोय?

माझी 1967 ची फोक्सवॅगन बीटल गाडी. रविवारी पहाटे पन्हाळ्याला निघालो, वाघबीळपर्यंत बायकोनं माझं घोंगडं ओढून घेतलं. हँडब्रेकशेजारची दांडी उचलली तरी पायाशी गारच वारा.

— भावा, हिला रेडिएटरच नाही. इंजिनचा पंखा तापलेल्या एक्झॉस्ट पाइपभोवतीच्या पत्र्याच्या पेट्यांतून हवा ढकलतो, तीच गरम होऊन आत येते. खाली झोपून बघ, दांडीची केबल पेटीच्या झडपेपर्यंत पोचते का? माझी गंजून तुटलेली.

— केबल घालशील, पण पेटीला भोक असलं तर धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड आत येतो. त्याला वास नसतो! डोकं जड झालं तर काच खाली घे, हीटर बंद कर.

— केबलच होती. उद्यमनगरातनं बनवून घेतली, पेट्याही तपासल्या. आता पाय लई भाजत्यात. घोंगडं मात्र तिच्याकडंच.