ग्रीनलंडवर हवा एवढी साफ, मग ढग कशावर धरतात?

लष्करची आई:
नमस्कार मंडळी, आठवीतल्या लेकीने एक प्रश्न विचारलाय आणि मला तिला चुकीचं काही सांगायचं नाहीये. परवा आमच्या ग्वाल्हेरला कोहरा इतका की गच्चीवरून समोरची पाण्याची टाकी दिसेना, तर मी म्हटलं हवेत धूर-धूळ आहे ना, त्या कणांवर पाणी जमतं म्हणून आपल्याकडे एवढं दाट. ती लगेच, मग ग्रीनलंड, अंटार्क्टिकावर तर धूळच नाही, तिथे ढग होतात कसे? आणि होत असले तर बर्फाला सावली मिळते, म्हणजे बरंच ना?

मुरारचे काका:
ताई, लेकीला शाबासकी द्या. कण तिथेही असतात, पण फार कमी. आपल्याकडे एका घन सेंटिमीटर हवेत हजारो, तिकडे कधीकधी दहासुद्धा नसतात. लाटांच्या तुषारांतलं मीठ, समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या गॅसपासून उन्हाळ्यात बनणारे सल्फेटचे कण, आणि ग्रीनलंडकडे तर युरोप-रशियाच्या कारखान्यांचा धूर आणि आशियातल्या वाळवंटांची धूळपण पोचते. कण एवढे कमी असले की थोडेसे वाढले तरी ढगाचा सगळा स्वभावच बदलतो. आपल्याकडे हजारात शंभर मिसळले तर कोणाला कळणारपण नाही.

आता सावलीचं. बर्फ मुळातच पांढराशुभ्र, बरंचसं ऊन तो स्वतःच परत पाठवतो, त्यामुळे ढगाच्या सावलीने फार वाचत नाही. उलट रात्री गोधडी घ्यावी तसा ढग खालची उष्णता अडवून ठेवतो. जुलै 2012 मध्ये ग्रीनलंडचा जवळजवळ सगळा पृष्ठभाग वितळला, अगदी 3200 मीटर उंचीवरच्या समिट स्टेशन या संशोधन केंद्राजवळचासुद्धा, जिथे त्याआधी असं 1889 मध्ये झालं होतं. उबदार हवा तर आलीच होती, पण खालच्या पातळ ढगांनीही हात दिला, ऊन आत येईल इतके पातळ आणि उष्णता अडेल इतके जाड.

मालवेकर:
काका, म्हणजे धूळ वाढली की बर्फ वितळणार, एवढं सरळ?

मुरारचे काका:
नाही ना, खरी गंमत इथेच आहे. कण दोन तऱ्हेचे. मीठ, सल्फेट यांच्यावर पाण्याचे थेंब धरतात, असे कण वाढले की थेंब जास्त पण बारीक होतात, ढग टिकतो आणि खाली ऊब राहते. दुसरे म्हणजे काही खनिज धूळ, काही जिवाणू, ज्यांच्यावर बर्फ धरतो. शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे 38 अंशांपर्यंत गोठत नाहीत, पाणी म्हणूनच तरंगतात, पण अशी धूळ मिळाली की त्याच्या कितीतरी आधीच गोठतात. मग बर्फाचे स्फटिक शेजारच्या थेंबांची वाफ ओढून मोठे होतात आणि हिम होऊन पडतात, ढग विरतो, उष्णता वर निघून जाते. म्हणून नुसतं "कण वाढले" म्हणून चालत नाही, कोणते वाढले ते बघावं लागतं.

घरी एक करून बघा, प्लास्टिकच्या बाटलीत थोडं कोमट पाणी घालून झाकण लावा, जोरात दाबा आणि एकदम सोडा. मग उदबत्तीचा थोडा धूर आत घेऊन परत तेच.

लष्करची आई:
काका, आत्ताच स्वयंपाकघरात केलं! नुसत्या पाण्यात काहीच झालं नाही, चार-पाच वेळा दाबून पाहिलं. उदबत्ती तोंडाशी धरून जेमतेम एक रेघ धूर आत गेला असेल, बाटली सोडली की सगळी पांढरी, दाबली की साफ, परत सोडली की परत पांढरी. लेक अजून ओट्यापाशीच उभी आहे बाटली घेऊन, आणि म्हणतेय उद्या धुराऐवजी बारीक मीठ टाकून बघू.