मस्तानीला एकटीला कशाला धरायचं
कुणीतरी लिहिलंय की मस्तानीनेच बाजीराव पेशव्यांच्या पहिल्या पत्नी काशीबाईंचा संसार मोडला, ते काय पटलं नाही बुवा. अहो बुंदेलखंडात मोगल सरदार बंगश चालून आला म्हणून १७२९ ला बाजीराव तिथल्या राजा छत्रसालाच्या मदतीला धावले, त्यानंतर मस्तानी बाजीरावांची दुसरी बायको म्हणून पुण्यात आली आणि इथे आल्यावर कलावंतीण काय, यवनी काय, दारूची सवय लावणारी काय, वाट्टेल ते चिकटवलं लोकांनी. आजही कोणाला विचारा, पान खाल्लं की म्हणे तिच्या गळ्यातून लाल दिसायचं, बस एवढंच माहीत (दिसण्यापलीकडे काही नव्हतंच का त्या बाईला?). काशीबाईंचं दुःख खरंच होतं, नाही कोण म्हणतंय, पण १७४० ला बाजीराव मोहिमेवर असताना हिला कैदेत टाकलं ते घरच्याच पुरुषांनी, बाजीरावांचा भाऊ चिमाजीअप्पा नि मुलगा नानासाहेबांनी. एप्रिलमधे बाजीराव रावेरखेडीला वारले आणि पाठोपाठ हीसुद्धा. आणि जिला वाड्यात कोणी धड आपलं मानलं नाही तिचाच मुलगा समशेर बहाद्दर १७६१ ला पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला, जखमी झाला आणि त्यातच गेला, हे मात्र गॉसिप करताना कोणाला आठवत नाही. पाबळला तिची कबर आहे, पुण्याहून काय फार लांब नाही.