वजूचा नळ आधी की उसाचा पाट?

मांजराकाठची शिक्षिका

रमजान तोंडावर आलाय, म्हणून हा विषय आत्ताच काढते.

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीच्या वजूखान्यात, म्हणजे नमाजेआधी हात-तोंड-पाय धुण्याच्या (वजूच्या) जागी, चौदा नळ आहेत. अजान झाली की चौदाही सुटतात. तोंड धुताना चालू, कोपर धुताना चालू, आणि डोक्यावर मसह करताना, जिथे ओला हात फिरवला तरी पुरतो, तेव्हाही चालूच. मी काही तिथे जात नाही, पण आमचं घर मशिदीच्या भिंतीला लागून आहे. मोरीचं पाणी गल्लीत कुठवर आलं यावरून आत किती लोक असतील ते मला कळतं.

दुसऱ्यांना बोलण्याआधी मागच्या आठवड्यात मी घरच्या नळाखाली बादली ठेवून स्वतःचा वजू मोजला. साडेसहा लिटर. दुसऱ्या दिवशी लोटा घेतला, सगळं तीन-तीनदा धुतलं, टाचांवरून दोनदा हात फिरवला. सव्वा लिटर लागलं. बादलीकडे बघून मला खरोखर लाज वाटली, कारण शाळेत पाणी वाचवण्याचा धडा मीच शिकवते.

बुखारी शरीफ या हदीसच्या, म्हणजे प्रेषितांच्या वचन-आचरणाच्या, संग्रहात हजरत अनस यांनी सांगितलेली रिवायत आहे की प्रेषित (स.) एका मुद्द पाण्यात वजू करत आणि एक साअ (चार मुद्द) ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल, म्हणजे आंघोळ. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास, हनफी हिशेबाने थोडं जास्त. म्हणजे पाच लिटरच्या आत अख्खी आंघोळ. आपण तेवढं पाणी तोंड धुण्यात घालवतो आणि वर म्हणतो की सुन्नतवर चालतो.

लातूरकरांना तरी हे सांगायला लागू नये. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या गाडीला दहा डबे होते, पाच लाख लिटर पाणी. त्याआधी मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली होती. मी तेव्हा पोटुशी होते आणि रात्री दीडला टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभी राहायचे. माझे अब्बा त्या दिवसांत तयम्मुम करायचे, मातीवर हात मारून. म्हणायचे, "पाणी पोरांना पिण्यापुरतंच आहे, अल्लाहनं मातीची सोय करून ठेवलीय." तीच माणसं, तीच मशीद, आणि आज ही मोरी.

माझं मागणं मोठं नाही. नळांना बारीक धारेच्या जाळ्या बसवाव्यात. जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानात, म्हणजे प्रवचनात, एकदा इसराफवर, उधळपट्टीवर, बोलावं. वजूच्या पाण्यात साबण नसतो, ते मागच्या कब्रस्तानातल्या कडुलिंबांना सोडावं. इफ्तारला प्लास्टिकचे ग्लास बंद करून प्रत्येकानं आपापला पेला आणावा. भावाच्या हाती तशी चिठ्ठी पाठवली होती. कमिटीतल्या एका बुजुर्गांचा निरोप आला, "बोअर मशिदीचा आहे, बिल मशीद भरते, तुम्हाला काय त्रास?"

त्रास हा आहे की सूरह रअदमध्ये अल्लाहनं सांगितलंय, लोक स्वतःच्या आतलं बदलत नाहीत तोवर तो त्यांची हालत बदलत नाही. आपण इस्लाह (सुधारणा) म्हणतो, तज़किया (मनाची शुद्धी) म्हणतो. दिवसातून पाच वेळा हाताखाली येणाऱ्या नळावर ज्याचा ताबा नाही, त्याचा नफ्सवर, स्वतःच्या मनावर, कसला ताबा?

उसाच्या पट्ट्यातला

आपा, तुमच्या तळमळीबद्दल आदर आहे. तरीही मला हे पटत नाही, आणि का ते नीट सांगतो.

जुम्म्याला चारशे नमाजी धरा. माणशी पाच लिटर वाचले तर दोन हजार लिटर. वर्षाचे बावन्न जुम्मे, म्हणजे लाखभर लिटर. पाटपाण्यावरच्या उसाला हेक्टरी दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. म्हणजे तुमच्या मशिदीनं दोनशे वर्षं जुम्मे सांभाळले, तेव्हा कुठं एका हेक्टरचं एका वर्षाचं पाणी निघालं. रोजच्या पाच नमाजा धरल्या तर वर्षं कमी होतील, पण माप तेच राहील.

2016 ला मांजरा धरण वजूनं आटलं नाही. पाऊस पडला नाही हे खरं. पण धरणाच्या अवतीभवती आणि खालच्या अंगाला कशाची लागवड होती, कोणाचे कारखाने होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गरिबाच्या लोट्यावर बोट ठेवलं की मोठ्या पाटाकडं कुणी बघत नाही. आत्मसुधारणेचं बोलणं नेहमी खालच्या माणसाच्याच वाट्याला येतं, माझा राग त्याचा आहे. धर्माच्या भाषेत सांगितलं की तो माणूस आणखी अपराधी होऊन घरी जातो, आणि कालव्याचं पाणी कुणाला कधी मिळतं, त्या पाळीपत्रकाचा प्रश्न विचारायला कुणी उरत नाही.

मदरशातला विद्यार्थी

आपांनी रिवायत बरोबर दिली आहे. नदीकाठी वजू करतानाही इसराफ होतो, अशी हजरत साद यांच्याबद्दलची इब्ने माजामधली हदीस सगळीकडे फिरते. तिच्या सनदीत, म्हणजे सांगणाऱ्यांच्या साखळीत, जाणकारांनी कमजोरी सांगितली आहे. आपांनी ती टाळून बुखारीची घेतली, हे चांगलं केलं. आणि तीनपेक्षा जास्त वेळा धुणाऱ्यानं चूक केली, मर्यादा ओलांडली, हेही हदीसमध्ये आलेलं आहे.

मात्र मला दुसरी भीती वाटते. वजू आधी इबादत, उपासना आहे. त्याला पाणीबचतीचा कार्यक्रम केलं, की नियत, मनातला हेतू, सरकते. दुसरं, "टाचांसाठी आगीची बरबादी" ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. धार इतकी बारीक केली की घाईतल्या माणसाच्या टाचा कोरड्या राहिल्या, तर त्याच्या नमाजेचं काय? आणि काही लोकांना वसवसा असतो. धुतलं की नाही, धुतलं की नाही, म्हणत ते पुन्हा पुन्हा धुतात. त्यांना इसराफचं नाव घेऊन दटावलं तर ते आणखी घाबरतील. त्यांच्याशी बसून मायेनं बोलावं लागतं, जाळी बसवून ते होत नाही.

पुण्याहून, धर्म न मानणारा

पाणी वाचवायचं तर वाचवावं. त्यासाठी चौदाशे वर्षांपूर्वीच्या मापाचा आधार का लागतो? भूजल किती खाली गेलंय हे आकड्यांत मांडता येतं. धर्माचा आधार घेतला की उद्या कुणी दुसरं वचन काढून उलटही सांगेल.

आणि स्पष्टच विचारतो, निसर्गाची काळजी म्हणता, मग बकरी ईदचं काय? त्या दिवशी आमच्या भागातल्या नाल्यात आतडी आणि काळ्या पिशव्या तरंगतात. मी खाटिकखान्याच्या विरोधात नाही, मटण खातो. पण प्रश्न टाळू नये.

रत्नागिरीची खाडी

पुण्याच्या दादांना मी उत्तर देतो, मग उसाच्या भावांना.

आम्ही दालदी, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. सूरह रूममध्ये आयत आहे की माणसांच्या हातांनी केलेल्या कमाईमुळे जमिनीवर आणि समुद्रात बिघाड माजला. "समुद्रात" हा शब्द लहानपणी मदरशात पाठ केला होता, कळला मात्र बोटीवर. 2017 पासून एलईडी दिव्यांवरची मासेमारी बंद आहे, तरी रात्री दूर समुद्रात गाव वसल्यासारखा उजेड दिसतो. जून-जुलैची बंदी संपली की जाळ्यात बोटाएवढी पिल्लं येतात. कायदा आहे, आकडे आहेत, अधिकारीही आहेत. दादा, आकड्यांनी माणूस थांबला असता तर आमची खाडी अशी नसती झाली.

झांझिबारजवळ मिसाली नावाचं बेट आहे. तिथं सुरुंग लावून मासे मारायचे, खाली प्रवाळाचा चुरा व्हायचा. सरकारी बंदीनं फार फरक पडला नाही. मग मौलवी आणि मच्छीमार एकत्र बसवून कुराणातून अमानत आणि मीज़ान, म्हणजे सोपवलेली ठेव आणि तोल, समजावून सांगितला. तेव्हा बऱ्याच जणांनी सुरुंग टाकून दिला. शास्त्र हवंच. पण रात्री दोन वाजता, कुणी बघत नसताना, पिल्लं परत पाण्यात सोडायला हाताला दुसरंच काही लागतं.

नाल्यातल्या आतड्यांबद्दल तुम्ही बोललात ते खरं आहे आणि मला त्याची शरम वाटते. जनावराला त्रास होऊ नये म्हणून सुरी आधी धार लावून ठेवा, हे आम्हाला प्रेषितांनी शिकवलंय. त्याच जनावराचे अवशेष नाल्यात टाकणाऱ्यानं कुर्बानी अर्धीच केली, असं मी मानतो. आमच्या वाडीत दोन वर्षांपासून खड्डा खणून पुरतो, त्यावर नारळ लावलेत. हे चार घरांचं झालं. शहरात नगरपालिकेची गाडी वेळेवर यायला हवी, तेही खरंच.

मस्कतहून, मूळचा दापोलीचा

ओमानमध्ये बारा वर्षं आहे. इथं फलज म्हणून जुने पाट आहेत, डोंगराच्या पोटातून पाणी आणणारे. त्यातले पाच 2006 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले, नजवाचा फलज दारिस त्यातलाच. तो मी पाहिलाय. पाणी गावात शिरतं तिथं आधी पिण्याची जागा, मग मशिदीचा वजू, त्यानंतर आंघोळ-धुणं, आणि शेवटी खजुराच्या बागा. बागांची पाळी वेळेवर ठरते, दिवसा सावलीवरून आणि रात्री ताऱ्यांवरून. वजूचा आणि शेताचा हिशेब एकाच पाटावर होतो, एकाच पंचायतीपुढं.

म्हणून मला हे भांडणच विचित्र वाटतं. आपा नळाचं बोलतात आणि भाऊ पाटाचं, जणू दोन वेगळी पाणी आहेत. मराठवाड्यात हे नवं नाही. मलिक अंबरनं खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर आणली, पुढं पाणचक्कीत बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यापाशी त्याच पद्धतीनं जमिनीखालून पाणी आलं, हौज भरला, जातं फिरलं. आपल्याच लोकांनी त्या नहरींवर घरं बांधली, नळ फोडले. मुसलमानांनीही, हिंदूंनीही.

मांजराकाठची शिक्षिका

सगळ्यांचं दोनदा वाचलं.

मदरशातल्या भाईजान, टाचांचं तुमचं म्हणणं डोक्यात ठेवीन. धार बारीक करण्यापेक्षा बाजूला लोटे ठेवावेत, ज्याला हवा त्यानं घ्यावा. नियत सरकण्याचं मात्र पटलं नाही. कयामत आली आणि हातात रोप असेल तरी लावून टाका, असं सांगितलेलं आहे. त्या रोपाची सावली कुणालाच मिळणार नाही, तरी लावायचं. माझ्यासाठी नळ बंद करणं तसंच आहे. त्यानं धरण भरणार नाही हे मला पहिल्यापासून माहीत आहे. भाऊंचा दोनशे वर्षांचा हिशेब खोटा नाही, पण मी धरण भरायला सांगितलंच नव्हतं.

पुण्याच्या दादा, उलट वचन काढणारे निघतात, हे कबूल. म्हणूनच त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलणारं कुणी आतून हवं. तुमचे आकडे मी वर्गात रोज सांगते. कमिटीच्या बुजुर्गांपुढं ते चालत नाहीत, मुद्द आणि साअ चालतं.

उसाच्या पट्ट्यातला

आपा, धरण भरायला सांगितलं नव्हतं म्हणता, मग इस्लाहचा अर्थ एवढाच का? ज्या गोष्टीनं खरंच नुकसान होतं ती सोडून जी सोपी आहे ती धरायची? एक सरळ विचारतो, राग मानू नका. तुमच्या घरी ऊस आहे का?

मांजराकाठची शिक्षिका

आहे. सासरी, औशाच्या बाजूला, साडेतीन एकर. पाटावर.

हे मी पहिल्या लिहिण्यात टाकलं नाही. दोन दिवस विचार करतेय की का नाही टाकलं. बादली नळाखाली ठेवली तेव्हा शेत माझ्या डोळ्यांपुढं आलंच नव्हतं. माझ्या मुलाची फी त्याच उसाच्या बिलातून जाते.

उसाच्या पट्ट्यातला

विचारलं ते टोचायला नाही. आमचाही सहा एकर आहे. म्हणूनच एवढा हिशेब पाठ आहे.

आणि म्हणूनच सांगतो की हा एकट्याच्या नफ्सचा प्रश्न नाही. सोयाबीनला हमीभाव जाहीर होतो आणि बाजारात त्याखाली विकावं लागतं. उसाला एफआरपी, म्हणजे कायद्यानं किमान दर, ठरते, कारखाना तोडून नेतो, बिल उशिरा का होईना येतं. माझ्या वडिलांनी एक वर्ष ऊस मोडून तूर केली होती, ती दाळमिल म्हणेल त्या भावानं गेली आणि कर्ज वाढलं. त्यांना मी इसराफ कसा सांगू? ठिबकनं पाणी बरंच वाचतं, पण अनुदानाचे पैसे मागाहून येतात, आधी घालायचे आपणच.

मदरशातला विद्यार्थी

रमजानच्या दुसऱ्या जुम्म्याला आमच्याकडं मला वीस मिनिटं बयान करायला सांगितलंय. मी इसराफ घेणार होतो, फक्त वजूपुरता. आता तेवढ्यावर थांबता येणार नाही. पहिल्या सफमध्ये (रांगेत) बसणाऱ्यांत ऊसवाले आहेत, मशिदीच्या नव्या मजल्याला त्यांचेच पैसे लागलेत. ते ऐकून घेतील का, ठाऊक नाही. उसाच्या भावांनी ठिबकचा आणि पाळीचा हिशेब मला साध्या भाषेत लिहून दिला तर चुकीचं बोलणार नाही.

उसाच्या पट्ट्यातला

देतो. पण एक अट. शेतकऱ्याला गुन्हेगार ठरवायचं नाही, आणि कारखान्याचं व पाटबंधाऱ्याचं नाव घ्यायला डरायचं नाही. पाण्याची पाळी गावासमोर वाचली गेली पाहिजे, हे मिंबरवरून, बयानाच्या आसनावरून, म्हणा. मस्कतच्या भावांनी सांगितलेली फलजची पद्धतही घ्या, लोकांना ती समजेल.

मांजराकाठची शिक्षिका

आमच्या मशिदीत काल भावानं स्वतःच्या पैशानं सहा लोटे ठेवले. तीन जण वापरतात, त्यात अब्बा एक.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सासरी जाणार आहे. मोठे दीर शेत बघतात. त्यांच्यापुढं मी कधी शेतीचा विषय काढलेला नाही, घरात सुनांनी काढायची पद्धतही नाही. साडेतीनपैकी एक एकर तरी ठिबकवर घ्या, पाइपचे पैसे माझ्या पगारातून देते, असं म्हणणार आहे. काय म्हणतात ते इथे लिहीन, नकार आला तरी.