‘नैसर्गिक विज्ञान’ की निसर्गविज्ञान?

चिंचोका: भाचीच्या कॉलेजच्या माहितीपत्रकात ‘नैसर्गिक विज्ञान विभाग’ असं छापलंय. आई म्हणाली, झाडापानांचं असेल. आत बघतो तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र! आणि हे नैसर्गिक, तर मग कृत्रिम विज्ञानही असतं का?

उंबरठा: विज्ञान नैसर्गिक नसतं हो, त्याचा विषय निसर्ग असतो. जीवशास्त्राला आपण ‘जैविक शास्त्र’ म्हणतो का? तसंच निसर्गविज्ञान म्हणावं. आईंचं मात्र फारसं चुकलं नाही. निसर्ग म्हणजे माथेरान-महाबळेश्वर हे आपणच करून ठेवलंय. संस्कृतात निसर्ग म्हणजे स्वभाव, उपजत गुण. त्या हिशेबाने लोखंडाचं गंजणंही निसर्गच.

जुनंपान: मला ‘सृष्टिविज्ञान’ जास्त पटतो. निसर्ग आणि सृष्टी दोन्ही ‘सृज्’ धातूचीच लेकरं, पण सृष्टीत ग्रहतारे सहज मावतात. पुण्यातून १९२८ साली विज्ञानाचं मासिक निघालं त्याचं नावही ‘सृष्टिज्ञान’. तसा ‘विज्ञान’ शब्द तरी कुठे जागेवर राहिलाय? ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात प्रपंचाच्या ज्ञानाला विज्ञान म्हटलंय. (अवांतर: म्हणजे सायन्सचा अभ्यासक्रम माउलींनी आधीच आखून दिला होता!)

चिंचोका: मग यात काय काय धरायचं? गणित? मानसशास्त्र?

उंबरठा: भौतिक, रसायन, जीव, भू, खगोल ही ठरलेली. हवामानशास्त्र, सागरविज्ञान त्यांच्याच गोतावळ्यात. गणित नाही, कारण प्रमेय कागदावर सिद्ध झालं की झालं, ते पडताळायला कुणी डोंगरावर जात नाही. अर्थशास्त्र, समाजशास्त्र सामाजिक शास्त्रांत. वैद्यक, अभियांत्रिकी उपयोजित. मानसशास्त्र कुंपणावर बसलंय, मेंदूपुरतं इकडे, माणसांच्या वागण्यापुरतं तिकडे.

खेकडा: हे कप्पे विद्यापीठांच्या सोयीचे. लोणार घ्या. बेसाल्टमध्ये सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. खडक भूशास्त्राचा, बाहेरून येऊन आदळलेला पाहुणा खगोलशास्त्राचा, खारं आणि अल्कधर्मी पाणी रसायनशास्त्राचं. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झालं, तर कारण निघालं खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव. आता सांगा, या तळ्याला ॲडमिशन कुठल्या विभागात द्यायची?

जुनंपान: कोट्यातून द्या.

चिंचोका: सगळ्यांचे आभार. भाची भूशास्त्र घेतेय. आईला सांगितलं, झाडापानांचं नाही, दगडधोंड्यांचं शिकणार. ती विचारतेय, त्याला कॉलेज कशाला?