गोवा मुक्तिदिनाच्या देखाव्यात कुणी कोण व्हायचं?

फोंडेकार_माई
१९ डिसेंबरला आमच्या वाड्यावरच्या बायका जिवंत देखावे करणार आहोत. देशाच्या इतिहासातली एकेक बाई मंचावर येणार, तीन मिनिटं स्वतःबद्दल बोलणार. आम्ही चौदा जणी. तालमी देवळाच्या अग्रशाळेत, पाऊस नसला तर कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) अंगणात.

पहिल्याच बैठकीत वाटणी झाली आणि माझी झोप उडाली. झाशीची राणी, जिजाबाई, सावित्रीबाई हिंदू घरांत. मुक्तिलढ्यात गुप्त रेडिओ चालवणारी लिबिया लोबो माझ्या ख्रिस्ती शेजारणीकडे, बेगम हजरत महल मुसलमान मैत्रिणीकडे. आणि गावडा या आदिवासी समाजाच्या वाड्यावरच्या तिघी? "त्या शेवटी धालो (बायकांचा लोकनाच) नाचतील." त्यांना एक वाक्यसुद्धा नाही. त्या काही बोलल्या नाहीत, चहाचे कप उचलून आत गेल्या. तेव्हापासून तेच डोळ्यांसमोर आहे.

जिची जात, जिचा धर्म, तिनेच ती बाई करायची असं असावं का? तुमच्याकडे कसं करता?

म्हापसेकर
माई, अदलाबदल करा. ६ एप्रिल १९५५ला आमच्या म्हापशात सुधाताई जोशींनी गोवा काँग्रेसच्या अधिवेशनाचं अध्यक्षपद घेतलं आणि तिथेच पकडल्या गेल्या. हे म्हापशातल्या सगळ्यांचंच आहे. तुमच्या शेजारणीने नऊवारी नेसून सुधाताई केली तर काय बिघडलं? लिबियाबाय तुम्ही करा.

रायची_शिक्षिका
मला हे पूर्ण पटत नाही. माझ्या शाळेतल्या ख्रिस्ती मुलींना मुक्तिलढा म्हणजे दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटते. आपल्यासारखं आडनाव असलेली ही लिबिया १९५५ ते १९६१ जंगलात लपून रेडिओ चालवत होती, पोर्तुगीज आणि कोंकणी दोन्ही भाषांतून बोलत होती, आणि गोवा सुटल्यावर विमानातून भोंग्यावर तेच लोकांना सांगत होती, हे त्यांनी आपल्याच घरातल्या बाईच्या तोंडून ऐकायला हवं. तुमच्या शेजारणीला विचारलंत का तिला कोण व्हायचंय? मला वाटतं कुणालाच विचारलेलं नाही.

सांगेचो_आजो
बाये, एक नाव घाल. गायिका मोगूबाई कुर्डीकर. त्यांचं गाव कुर्डी आमच्या साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की भिंतींचे अवशेष दिसतात, आम्ही जाऊन हात लावून येतो. तुमच्या फोंड्याच्या केरीतल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी तर १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. एकेकाळी कलावंतिणी म्हणून ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवलं, त्यांना मंचाच्या मध्यभागी उभं करा.

फोंडेकार_माई
रायच्या बाईंचं वाचून उठले आणि शेजारी गेले. तिला विचारलं. लिबियाच करायची म्हणाली, पण कोंकणीतून. मंडळाने तिला मराठी कागद दिला होता, तो तिने फ्रिजवर तसाच ठेवलेला. तियात्रात (कोंकणी नाटकांत) वीस वर्षं कामं केलेली बाई, आणि आम्ही तिला पाठांतर देत होतो!

मग गावडा वाड्यावर गेले. सगळ्यांत मोठ्या म्हणाल्या, आमची आई पौषात मांडावर (धालोच्या अंगणात) ओव्या धरायची, दिवसा भाटकाराच्या (जमीनदाराच्या) शेतात लावणी. तिचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? मी म्हटलं, पुस्तकात नसू दे, तुम्ही मंचावर घ्या. त्यांनी पेटीतून आईचं तांबडं चौकड्यांचं कापड काढून दाखवलं, खांद्यावर देठली (गाठ) कशी मारायची तेही. तीन मिनिटं त्यांची, धालो त्यानंतर.

मी जिजाबाई सोडली. केसरबाई करते आहे. सुधाताई रुमडावरच्या मुसलमान मैत्रिणीने स्वतःहून मागून घेतली. बेगम हजरत महल अजून कुणाची ठरलेली नाही. आजो, कुर्डीसाठी मोगूबाई बघतेच आहे. फक्त चौदा जणींत माणूस कमी पडतंय, तुमच्या सुनेला पाठवाल का?