अनुभव धागा: शाळेतला बीबीसी मायक्रो

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात ऐंशीच्या दशकात शाळेत असलेल्यांसाठी हा धागा. केंद्राची 'क्लास' ही शाळेत संगणक शिकवायची योजना १९८४-८५मध्ये सुरू झाली आणि तिच्यातून बीबीसी मायक्रो हे ब्रिटिश संगणक शाळांत आले. कीबोर्डाच्याच पेटीत सगळा संगणक, वरती तांबड्या फंक्शन की, ३२ केबी रॅम. सरांनी काय शिकवलं ते सगळ्यांचं सारखंच असणार. तुम्ही त्या मशीनकडून काय करून घेतलंत ते लिहा. बाहेर काढलेल्या चपला आणि हेडसरांकडची किल्ली या गोष्टी थोडक्यात आटपा.

शहापूरचा पोरगा
आम्ही त्याला मराठी लिहायला लावलं. व्हीडीयू २३ अशी आज्ञा होती. पुढं अक्षराचा नंबर, मग आठ आकडे. गणिताच्या वहीत आठ बाय आठ घरं आखायची, हवी ती भरायची आणि प्रत्येक ओळीची बेरीज करायची. घरांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२ अशा निम्म्या होत १ पर्यंत. शिरोरेघ म्हणजे आठही घरं भरलेली, २५५. त्यामुळं पहिला आकडा बहुतेक अक्षरांना तोच. 'प' अजून पाठ आहे: २५५, ६६, ६६, ६६, ६२, २, २, ०. अक्षरं शेजारी छापली की वरची रेघ आपोआप जुळायची. स्क्रीनचे वेगवेगळे मोड होते; मोड ७मध्ये हे चालायचं नाही, तिथली अक्षरं ठरलेली. आम्ही मोड ४ घ्यायचो.

कन्नड माध्यमातल्या दोस्ताचे हाल बघवत नव्हते. त्याच्या लिपीला शिरोरेघ नाही, सगळा कारभार गोल. एकेक अक्षर आठ बाय आठचे दोन-दोन चौकोन खायचं. खरं गडी हटला नाही. शेवटी गावाचं नाव दोन्ही लिप्यांत तयार झालं आणि स्क्रीनवर वर कुठलं, खाली कुठलं यावरून आमची जुंपली. (सीमाभागातली पोरं आम्ही, दुसरं काय होणार?) मग दोन्ही नावं रिपीट-अन्टिल फॉल्सच्या न संपणाऱ्या चक्रात घातली. एक पुसलं की दुसरं उमटायचं, आणि सर येऊन एस्केप दाबेपर्यंत ते चालूच.

खानापूरची लेक
एका मशीनवर आम्ही चौघी. ब्रेकची की फंक्शन कींच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला. माझा प्रोग्रॅम लिहून होत आला की शेजारची हळूच तिच्यावर बोट ठेवायची. टीप! लिस्ट म्हटलं तर काही नाही. मी रडायच्या बेतात. बाई म्हणाल्या, "अगं, ओल्ड लिही आणि रिटर्न दाब." सगळ्या ओळी जशाच्या तशा परत. मग काय, ब्रेक मारायचा आणि ओल्डनं आणायचा, खेळच झाला आमचा.

पावसात लाईट गेली की मात्र ओल्डचं काही चालत नव्हतं. म्हणून बाबांच्या भजनांच्या कॅसेटची दुसरी बाजू मी प्रोग्रॅमला घेतली. परत चढवताना निम्म्यात 'डेटा?' यायचं, मग 'रिवाइंड टेप'. आवाज थोडा वाढवून पुन्हा सुरू. एकदा चुकून पहिलीच बाजू लावली, तर मशीनला अभंगातलं काहीच कळेना.

निवृत्त मास्तर, निपाणी
दहावीच्या वर्गाला रँडमनं हजार वेळा नाणं उडवून दाखवलं. छापा-काटा निम्मेनिम्मे पडत गेले तरी पोरांना पटेना. खिशातली नाणी काढून बसले.
एका विद्यार्थ्यानं तंबाखूचा हिशेब लिहिला. वजन घाला, पोत्याचं वजन वजा करा, दर घाला. वडिलांना शाळेत आणून दाखवला. त्यांनी नीट पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, हे मशीन शेतकऱ्याचं का व्यापाऱ्याचं?"

जुना_सोल्डर
आठव्या पंचवार्षिक योजनेत नव्या धाटणीची मशीनं आली आणि ही हळूहळू अडगळीत गेली. मी एक भंगारातून उचललं. कुणाकडं असेल तर एक ऐका: तसंच सुरू करू नका. पॉवर सप्लायमधले मेन्सच्या बाजूचे फिल्टर कपॅसिटर इतक्या वर्षांत तडकतात, करंट दिला की घाण वासाचा धूर. माझ्या धुरानं अख्खं घर अंगणात आलं. दोन नवे कपॅसिटर टाकले, मशीन ठणठणीत. स्वतः उघडणार असाल तर प्लग काढून थोडा वेळ जाऊ द्या, आत करंट साठलेला असतो.

अनगोळकर
@शहापूरचा पोरगा, बेळगावचा ळ आठ घरांत मावला कसा?

शहापूरचा पोरगा
नाही मावला. त्याला दोन चौकोन दिले, नंबर २२६ आणि २२७. 'बे'ची मात्रा टॅब या आज्ञेनं वरच्या ओळीत नेऊन बसवली. वेलांटी तेवढी शेवटपर्यंत जमली नाही, म्हणून वेलांटीचे शब्द टाळायचो. कुणी जमवली असेल तर आकडे टाका की राव.