मायकल जॅक्सन मंचावर : तुम्ही कुठून पाहिलात?

१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार. सहामाही संपली होती, दिवाळी तोंडावर होती आणि मी अंधेरीला वीरा देसाई रोडजवळच्या एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकून उभा होतो. समोर शहाजीराजे क्रीडा संकुल. तिकीट नव्हतं, आणि घरी मागावं अशी परिस्थितीही नव्हती. गच्चीवर आम्ही तीसेक जण असू, दुपारपासून जागा धरून. मंच तिरका दिसत होता, त्यातलाही अर्धा लोखंडी सांगाड्याआड. आवाज मात्र सगळाच्या सगळा येत होता. पहिला बास घुमला तेव्हा शेजारचा मित्र एकदम ओरडला, "अरे, टाकी थरथरतेय!" मग आम्ही आळीपाळीने टाकीला तळवे लावून ते गाणं ऐकलं.

त्या रात्रीची अजून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. कार्यक्रम संपत आला असताना गर्दीच्या वर, मंचापासून बराच पुढे, एक उजळ ठिपका अधांतरी तरंगत आला. थांबला, डोलला, मागे गेला. गच्चीवर वाद पेटला. कुणी म्हणे कॅमेरा, कुणी म्हणे फुगा.

'हिस्टरी' दौऱ्यातला भारतातला तो एकच कार्यक्रम. ७ सप्टेंबर १९९६ ला प्रागमध्ये सुरू झालेला दौरा १५ ऑक्टोबर १९९७ ला डर्बनला संपला, एकूण ८२ कार्यक्रम. त्याआधी 'बॅड'चे १२३ आणि 'डेंजरस'चे ६९ झाले होते. डर्बननंतर त्याने पुन्हा दौरा असा केलाच नाही. म्हणजे ज्यांनी त्याला प्रत्यक्ष पाहिलं त्यांच्यात आता भर पडायची नाही, आणि आठवणी विरत चालल्यात. माझ्याच बघा, दोन उरल्या.

मैदानातून, रस्त्यावरून, परदेशात, कॅसेटवर, कुठूनही पाहिला असेल तर लिहा. त्याच्या खासगी आयुष्याबद्दल नको, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मंचावर काय पाहिलंत, काय ऐकलंत, ते हवंय.

पार्ल्याची

मी आत होते. दादाला नोकरी लागून चारच महिने झाले होते, त्याने दोन तिकिटं आणली आणि आईला किंमत निम्मी सांगितली. दुपारी तीनला रांगेत लागलो. उन्हाने डोकं दुखत होतं, पण घरी जाऊ या असं दोघांपैकी कुणीही म्हणालं नाही.

सुरुवातीला पडद्यावर तो एका यानात बसून काळातून, देशांतून भरधाव येतोय असं दाखवलं, आणि मग ते यान खरोखरच धूर सोडत मंचातून वर आलं. दार उघडलं. सोनेरी चिलखत आणि शिरस्त्राण घातलेला एक माणूस बाहेर आला आणि नुसता उभा राहिला. मी मुलींच्या किंकाळ्या सिनेमाच्या बातम्यांत पाहिल्या होत्या आणि मला ते खोटं वाटायचं. त्या क्षणी माझ्या घशातून जो आवाज निघाला तो मला ओळखू आला नाही. दादाने दचकून माझ्याकडे पाहिलं.

आमच्या जागेवरून तो अंगठ्याएवढा दिसायचा. बाजूच्या पडद्यांवर मोठा दिसत होता, पण मी हट्टाने अंगठ्याकडेच पाहत राहिले. पडद्यावरचा तर घरीही दिसला असता.

'बिली जीन'च्या आधी तो एक पेटी घेऊन आला, एकटाच, मुक्कामाच्या गावी उतरलेल्या प्रवाशासारखा. पेटी ठेवली, उघडली. आतून चमचमता शर्ट काढला, अंगात घातला. मग हातमोजा. मग टोपी. हे सगळं सावकाश, काही वाजत नसताना. एवढं मोठं मैदान एका माणसाला कपडे घालताना पाहत होतं आणि प्रत्येक वस्तू बाहेर आली की कल्लोळ व्हायचा. गाणं सुरू होण्याआधीच त्याने ते गाऊन टाकलं होतं असं मला वाटलं. पुढे मी बालनाट्याच्या तालमी घेतल्या, तेव्हा मुलांना वस्तू हातात कशी घ्यायची हे शिकवताना ती पेटी नेहमी आठवायची.

'अर्थ साँग'च्या शेवटी मंचावर रणगाडा आला. त्यातून सैनिक उतरला, बंदूक रोखली, आणि एका लहान मुलाने त्याला फूल दिलं. सैनिक गुडघ्यावर बसून रडू लागला. कागदावर लिहिलं की हे भाबडं दिसतं, मला माहीत आहे. तिथे आमच्या मागचे शिट्ट्या मारणारे कॉलेजचे पोरगेसुद्धा गप्प झाले होते.

परतताना रिक्षा मिळेना, एस. व्ही. रोडने पार्ल्यापर्यंत चालत आलो. दादा वाटभर एक शब्द बोलला नाही. दार उघडताना म्हणाला, "पैसे वसूल, ना?" तो आता नाही. त्याच्याबरोबर केलेल्या गोष्टींत ही एक पूर्ण झालेली आहे.

गॅदरिंगवाला, सांगली

आमच्यासाठी मुंबईही परदेशच होती. माझा मायकल जॅक्सन व्हिडिओ कॅसेटवरचा. १ ऑक्टोबर १९९२ ला बुखारेस्टला झालेला कार्यक्रम टीव्हीवर दाखवला होता, त्याची कुणाकडून तरी कुणाकडे फिरत आलेली कॅसेट. रंग उडालेले, मध्येच पट्टे. सुरुवातीला तो मंचाखालून उसळून वर येतो आणि पुतळ्यासारखा थांबतो, मिनिटभराहून जास्त. आम्हाला वाटलं कॅसेट अडकली! मित्राने उठून व्हीसीआरवर चापट मारली. मग पडद्यात खाली एक मुलगी बेशुद्ध पडून लोकांच्या डोक्यांवरून उचलून नेताना दिसली, तेव्हा कळलं की अडकलेलं काहीच नाही, हा माणूसच हलत नाहीये.

मूनवॉक मी त्या कॅसेटवरून शिकलो. कुणी शिकत असेल तर सांगतो, चूक सगळ्यांची एकच होते: मागे जाणाऱ्या पायावर भार देतात. भार द्यायचा तो टाच उचललेल्या पायाच्या चवड्यावर. दुसरा पाय जमिनीला पूर्ण टेकलेला, हलका, तो सरळ मागे ओढायचा. मग टाचांची अदलाबदल. ती अदलाबदल एका क्षणात झाली तरच पाहणाऱ्याला वाटतं की माणूस पुढे चालतोय आणि जमीन त्याला मागे नेतेय. शहाबादी फरशीवर पायमोजे घालून तीन महिने घासलं. गॅदरिंगला लाकडी स्टेजवर पाय सरकेना म्हणून आमच्या शिपाईमामांनी कडेकडेला टाल्कम पावडर टाकून दिली. टाळ्या आल्या त्या निम्म्या त्यांच्या.

त्याने हा पदन्यास २५ मार्च १९८३ ला पासाडेनाच्या सभागृहात पहिल्यांदा लोकांसमोर केला, मे महिन्यात तो टीव्हीवर दिसला. 'बिली जीन'च्या अख्ख्या गाण्यात तो काही सेकंदच आहे. आम्ही नकलाकार तो पाच मिनिटं करत बसायचो. त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं.

प्रकाशवाला

मी तेव्हा वीस वर्षांचा, नाटकांच्या दौऱ्यांवर प्रकाशयोजनेचा मदतनीस. बसच्या टपावर आठ स्पॉट आणि दोन डिमर, एवढा आमचा संसार. अंधेरीच्या कामाला रोजंदारीवर माणसं हवी होती, गेलो.

तिथे सामान अँटोनोव मालवाहू विमानांतून आलं होतं. मोठमोठ्या चाकांच्या पेट्या, प्रत्येकीवर नंबर आणि रंगाची पट्टी. कुठली पेटी मंचाच्या कुठल्या कोपऱ्यात जाणार, कुठली आधी उघडणार, हे सगळं ठरलेलं. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, आणि मला त्याचंच आश्चर्य वाटलं. आमच्याकडे पडदा वर जाईपर्यंत शिव्या चालायच्या. एका परदेशी कामगाराने मला केबल गुंडाळायची पद्धत दाखवली: एक वेढा सरळ, पुढचा उलटा, म्हणजे पीळ पडत नाही आणि सोडताना गाठ बसत नाही. आजही माझ्याकडे येणाऱ्या पोराला मी पहिल्या दिवशी तेच शिकवतो.

कार्यक्रम मला दिसला नाही. मी मागे होतो. ताल पायांतून कळत होता आणि मधूनमधून सगळ्या सांगाड्यावर उजेड पसरायचा. संपल्यावर लगेच उलटं काम सुरू. चारच दिवसांनी, ५ नोव्हेंबरला, बँकॉकचा कार्यक्रम होता. पहाटे मैदानावर उरलं ते तुडवलेलं गवत, चपला आणि पाण्याच्या बाटल्या. एवढा डोलारा एका रात्रीत उभा होता की नव्हता, असं झालं.

विरोधातला

मी त्या वेळी या कार्यक्रमाच्या विरोधात होतो, आणि त्याचं कारण संस्कृती वगैरे नव्हतं. कार्यक्रम शिव उद्योग सेनेच्या, म्हणजे तरुणांच्या रोजगारासाठी काढलेल्या शिवसेनेच्या संघटनेच्या, मदतीसाठी होता आणि त्याला करमणूक कर माफ झाला होता. मुंबई ग्राहक पंचायत त्याविरुद्ध न्यायालयात गेली. ते प्रकरण इतकं लांबलं की करमाफीचा निर्णय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये पुन्हा घेतला. माझं मत आजही तेच आहे. पण त्या रात्री धाकट्या बहिणीने वर्तमानपत्रातला फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, आणि मी तो काढू दिला नाही. या दोन्ही गोष्टी माझ्यात आहेत.

कॅन्ससमध्ये शिकलेला

बहुधा या धाग्यात सगळ्यांत आधीचा मीच. जुलै १९८४, कॅन्सस सिटीचं ॲरोहेड स्टेडियम, भावांबरोबरच्या 'व्हिक्टरी' दौऱ्याची सुरुवात. मी एम. एस.ला होतो. तिकीट एकट्याला मिळत नसे, एकदम चारची मागणी नोंदवायची, प्रत्येकी ३० डॉलर, मनीऑर्डर आधी पाठवायची आणि नंबर लागतो का याची वाट पाहायची. आम्ही चौघांनी महिनाभर कँटीन बंद करून १२० डॉलर जमवले आणि नंबर लागला. या पद्धतीवर एका अकरा वर्षांच्या मुलीने वृत्तपत्रात पत्र लिहिलं, आणि मायकलने पत्रकारांसमोर येऊन सांगितलं की ही पद्धत बदलायला लावतोय आणि दौऱ्यातली माझी कमाई मी दान करतोय. तेव्हा तो २५ वर्षांचा होता. भावांमध्ये उभा असतानाही नजर त्याच्यावरून हटत नव्हती; भावांना ते कळत असणार, या विचाराने मला मधूनच वाईट वाटायचं.

वर मुंबईचे अनुभव वाचून सांगावंसं वाटलं: त्या रात्री ड्रमवर जोनाथन मॉफेट होते. बारा वर्षांनी अंधेरीलाही तेच. म्हणजे टाकी थरथरवणारा हात मी आधी ऐकलाय.

साऊंडवाला

कटू वाटलं तरी लिहितो. 'हिस्टरी' दौऱ्यात आवाजाचा पुष्कळसा भाग ध्वनिमुद्रित होता. मला हे बऱ्याच वर्षांनी कळलं, आणि मी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. मीही अंधेरीला होतो, मला फसवल्यासारखं वाटलं.

मग मी १६ जुलै १९८८ चा वेम्ब्लीचा कार्यक्रम कानाला हेडफोन लावून ऐकला. 'बॅड' दौऱ्यात त्याने वेम्ब्लीला सात रात्री केल्या, पाच लाखांवर लोक आले. त्यात तो गातोय, खरोखर गातोय. नाचाच्या तुकड्यानंतर पहिल्या शब्दाआधी श्वास ओढल्याचा आवाज येतो. मागे साथीला गाणाऱ्यांत शेरिल क्रो आहे, तिच्याबरोबरच्या द्वंद्वगीतात तो सूर थोडा वर चढवून तिला आव्हान देतो आणि ती ते पेलते. हे आधी बसवून ठेवता येत नाही.

अंधेरीला आला तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. सात-आठ वर्षांचा असल्यापासून मंचावर, म्हणजे तीस वर्षं झाली होती. इतकं नाचायचं तर श्वासाचा हिशेब कुठेतरी चुकतोच, आणि त्याने नाच सोडला नाही, गाणं सोडलं. मला उलटं आवडलं असतं. दोन स्टूल, एक गिटार आणि तो, असा कार्यक्रम त्याने केला असता तर? माझी तक्रार ही एवढीच, आणि ती प्रेमातून आलेली आहे.

सहार रोड

आमचं छोटंसंच. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून औक्षणाला गेली होती, ते पेपरात पाहिलं. आम्ही रस्त्याच्या कडेला, आजीला खुर्चीत बसवून. गाडी गेली. काळी काच, आत टोपी, पांढरा हात. आजी म्हणाली, "किती बारीक आहे गं पोरगं, खातं की नाही?" मला त्याचं तेवढंच दर्शन.

लंडनकर

माझ्याकडे न झालेल्या कार्यक्रमाचं तिकीट आहे. मार्च २००९ मध्ये त्याने लंडनच्या ओटू अरीनातल्या कार्यक्रमांची घोषणा केली, आधी दहा रात्री, मग वाढत वाढत पन्नास. माझी तारीख ऑगस्टमधली होती. २५ जूनला तो गेला. पैसे परत घ्या किंवा आठवण म्हणून छापील तिकीट घ्या, असे दोन पर्याय दिले होते. मी तिकीट घेतलं. कलतं केलं की त्यावरचं चित्र हलतं. नवऱ्याला वाटलं मी पैसे घ्यायला विसरले. ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी मी ठरल्याप्रमाणे तयार झाले, ट्यूबने नॉर्थ ग्रिनिचला गेले, बाहेर तासभर उभी राहिले. माझ्यासारखी आणखी काही माणसं होती. एकमेकांशी बोललो नाही, पण कोण कशासाठी आलंय ते कळत होतं.

पार्ल्याची

गच्चीवाल्या दादांना उत्तर द्यायचं राहिलंच. तो ठिपका फुगा नव्हता आणि कॅमेराही नव्हता. मंचाच्या कडेला क्रेनसारखा लांब हात होता, त्याच्या टोकाला कठड्याचा छोटा पाळणा. त्यात उभा राहून तो आमच्या डोक्यांवरून पुढे आला, वाकून लोकांकडे हात केले आणि मागे गेला. अंगठ्याएवढा होता तो तेव्हा तळहाताएवढा झाला. माझ्या दादाने मला खांद्यावर घेतलं होतं.

धागाकर्ता

म्हणजे तो तोच होता. इतकी वर्षं मी त्याला न ओळखता पाहत होतो. मित्राला आत्ताच फोन केला, तो टाकीवाला. तो नाशिकला असतो. म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, कॅमेरा इतका डोलत नाही."